पणजोबा लढाईत गेले असतील तर त्यांचं नाव कुठल्या स्मारकावर आहे ते कसं शोधायचं

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड या पट्ट्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे एवढंच माहीत असतं की थोरले आजोबा पलटणीत होते, बसऱ्याला (आजच्या इराकमधे) गेले ते परत आलेच नाहीत. बहुतेक वेळा त्यांचं नाव कुठेतरी नोंदवलेलं असतं आणि ते घरबसल्या, फुकट शोधता येतं. मनापासून सांगते, घरातली जुनी माणसं आहेत तोवर हे करा.

आधी नेटवर जाऊ नका, आधी ट्रंक उघडा. नावापेक्षा पलटण आणि शिपाई नंबर जास्त महत्त्वाचा, कारण एकाच पलटणीत शिंदे, जाधव, मोरे ढिगाने असायचे. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं मेडल असेल तर ते उजेडात धरून कडेवरून सावकाश फिरवा, तिथे बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ब्रिटानिया (शिरस्त्राण घातलेली बाई, ब्रिटनचं प्रतीक) आणि सिंह असलेली, साधारण १२ सेंटीमीटरची गोल जड तबकडी घरात असेल तर ती मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली, तिच्यावर नाव असतं पण हुद्दा नसतो. गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल, की या गावातून इतके गेले आणि इतके कामी आले, तर तिचाही फोटो काढा, पण तिथे बहुतेक नुसते आकडे असतात.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची वेबसाइट उघडा. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातल्या युद्धात मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि नावं सांभाळायचं काम ही संस्था १९१७ पासून करते. यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात मेलेलेच सापडतात, जिवंत परत आलेले नाहीत. हात बसवायला आधी यशवंत घाडगे शोधून बघा. माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळाला, नाव इटलीतल्याच कॅसिनो मेमोरियलवर आहे. एक नोंद नीट वाचली की बाकीच्या कळतात.

मग आपलं शोधा. देश किंवा सेनेत इंडियन आर्मी निवडा. आडनावाच्या चौकटीत नुसतं पहिलं नावही टाकून बघा, कारण साहेबाने जसं ऐकलं तसं लिहिलंय. मराठा शब्दाचं जुनं स्पेलिंग म्हणजे मधे एच आणि डबल टी. नोंदीत जास्तीची माहिती म्हणून बापाचं नाव, गाव, जिल्हा असतं, तिथे पुण्याला पूना आणि रायगडला कुलाबा शोधायचं. माझ्या मते खात्री याच ओळीने करायची, नाव जुळलं म्हणून लगेच आपलं म्हणू नका.

नोंदीत स्मारकाचं नाव आणि पॅनेल नंबर, म्हणजे नाव कुठल्या फलकावर आहे तो आकडा, येतो. हिंदू शिपायांचं दहन व्हायचं म्हणून कबर नसते, घाबरू नका, नाव स्मारकावर असतं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअर पलटण) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मधे फ्रान्समधे न्यूव्ह शापेलला लढल्या. तिथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून जास्त नावं आहेत, युरोपात राहत असाल तर पलटण लिहून घेऊनच जा कारण नावं पलटणीप्रमाणे लावलेली आहेत.

बसऱ्याचं मात्र दुखतं. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, तिथल्या कुत गावात तुर्कांनी आपल्या फौजेला घातलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला, आणि इतकं करून बसरा मेमोरियलच्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली पण साध्या शिपायांचा नुसता आकडा. २०२१ मधे कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला. म्हणून स्मारकाच्या फोटोत पणजोबांचं नाव शोधत बसू नका, ऑनलाइन नोंदीत बघा, तिची प्रिंट काढून घरात लावा.

पुण्याजवळच्या खडकीच्या वॉर सिमेट्रीत (युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी) आधी धावू नका, तिथलं पहिल्या महायुद्धाचं स्मारक भारतात मेलेल्या, आणि ज्यांच्या कबरी सांभाळणं शक्य नव्हतं अशांचं आहे. कोकणातले जहाजावर गेलेले असतील तर मुंबईतल्या मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होमचं स्मारक बघा, पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून जास्त खलाशांची आठवण तिथे आहे.

१९४७ नंतरचे असतील तर दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालं. त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर नावं आहेत आणि त्यांच्या वेबसाइटवरही शोधता येतं. कागदपत्रं अपुरी असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नंबर घेऊन जा.

आणि नोंदीत गाव किंवा नाव चुकलेलं दिसलं तर सोडून देऊ नका, मेडलच्या कडेचा फोटो आणि जे कागद असतील ते जोडून कमिशनला दुरुस्तीसाठी लिहा.