पीसी चालू होतो पण स्क्रीन काळीच? आधी रॅम काढून बघा

पंखे फिरतात, लाईट लागते, पण डिस्प्ले काही येत नाही. अशावेळी लोक लगेच मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) गेला म्हणून मोकळे होतात, पण बऱ्याचदा दोष साधा असतो आणि बोर्ड स्वतःच सांगत असतो, आपण बघत नाही एवढंच.

१. आधी मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी, बोर्डाच्या पोर्टला नको. (हसू नका, मी स्वतः यात अर्धा तास घालवलाय.)

२. बोर्डावर रॅमच्या आसपास चार बारीक लाईट असतात का बघा, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज वगैरे असलेली डिस्क). जी पेटून राहते तिथेच गडबड. लाईट नसतील तर छोटा बझर (बीप वाजवणारा बारीक स्पीकर) बोर्डावरच्या स्पीकर पिनांवर लावा आणि बीप मोजा, अर्थ बोर्डाच्या मॅन्युअलमधे मिळतो.

३. आता सगळी रॅम काढून चालू करा. बीप आला किंवा डीरॅमची लाईट लागली तर बोर्ड आणि सीपीयू बहुतेक जिवंत आहेत. मग रॅमची एकच स्टिक (पट्टी) सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमधे, दोन्हीकडून टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा, नाही झालं तर दुसरी स्टिक, मग दुसरा स्लॉट. रॅम डीडीआर ५ या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, घाईने बंद करू नका.

प्रत्येक वेळी काही काढायच्या आधी प्लग काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) उघडायच्या फंदात पडू नका, प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो.