नवं शेततळं गळतंय? डागडुजीआधी या चुका टाळा

जुलैत तुडुंब भरलेलं तळं ऑगस्टच्या उघडिपीत वीतभर उतरलं, की पहिला फोन प्लास्टिकवाल्याला जातो. घाई करू नका. नव्या तळ्याची कोरडी माती सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच पाणी पिते. शिवाय नागपूरचं ऊन! मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडालं तर नवल नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, त्याहून जास्त.

म्हणून आधी मोजा. बादलीत दगड घालून ती काठाच्या उथळ पाण्यात उभी करा आणि बाहेरच्या पातळीइतकंच पाणी आत भरा. पाऊस नाही, पंप बंद, असे दोन-तीन दिवस जाऊ द्या. बादलीत घटलं ते उन्हाचं. तळ्यात त्यापेक्षा जास्त घटलं असेल, तर तेवढा पाझर. 20 बाय 20 मीटर पाण्यावर एक सेंटिमीटर म्हणजे 4,000 लिटर, त्यामुळे बोटभर फरकही सोडून देऊ नका.

पाझर नक्की झाला की लोक सगळीकडे माती ओततात. त्याऐवजी खुंटी ठोकून रोज खूण करा. पातळी जिथे एकदम थबकते, त्याच उंचीवर किंवा किंचित वर काठाने फिरून बघा: खेकड्याचं बीळ, घुशीचं भोक, कुजलेलं मूळ, मुरमाचा पट्टा. संशय आला तिथे काळी माती पातळ कालवून अलगद सोडा. गढूळ रेघ कुठे ओढली जाते ते दिसतं. पातळी कुठेच न थबकता तळापर्यंत गेली, तर दोष तळाचा.

आणि इकडे बहुतेकदा दोष तळाचाच निघतो. कळमेश्वर-काटोलकडे वर काळी माती, खाली मुरूम. पोकलेन आधी काळी माती उचलून बांधाच्या बाहेरच्या अंगाला टाकतं, मग मुरमात उतरतं. म्हणजे पाणी धरणारी माती बाहेर आणि पाणी पिणारा मुरूम आत. भाडं तासावर चालू असतं, मग मशीन थांबवून माती वेगळी कोण ठेवणार? पण पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव, प्लास्टिकशिवाय, मातीच्या पाळीवरच पाणी धरून आहेत.

तळं आटल्यावर तीच काळी माती परत आणा. ढेकळं फोडा, दगड-मुळं वेचा, ओलावा असा ठेवा की मुठीत लाडू वळेल पण हात चिखलाने भरणार नाही. 15 सेंटिमीटरचे थर, प्रत्येकावर रोलर किंवा धुम्मस, एकूण किमान फूटभर जाडी. एकदम फूटभर ओतून वरून ट्रॅक्टर फिरवला तर खालची माती सैलच राहते. उन्हाळ्यात हा थर भेगाळतो, म्हणून त्यावर मुरमाचं पातळ पांघरूण घाला. बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) वापरायचं तर सोडियम प्रकारचं घ्या आणि कोरड्या मातीत मिसळून दाबा. भरल्या पाण्यावर पोतं रिकामं करणं म्हणजे पैशाची माती.

बांधातून पाइप नंतर घातला असेल, तर पाणी पाइपाच्या कडेने वाट काढतं. तिथे वरून सिमेंट लिंपून भागत नाही. चर पुन्हा उकरून ओलसर काळी माती थराथराने ठोकावी लागते.

प्लास्टिकच घालायचं ठरलं तर 500 मायक्रॉनचं घ्या, खालचे टोकदार दगड वेचा, प्लास्टिक ताणू नका, कडा काठावरच्या चरात गाडा. कुंपण हवंच, रानडुकराचा एक खूर पुरे.

बांधाच्या बाहेरून गढूळ पाणी येऊ लागलं तर मात्र थांबू नका. बांधातली माती वाहून चालली आहे. बाहेरून दगड-माती कोंबण्याआधी तळ्याची पातळी खाली आणा, भोक पाण्याच्या बाजूने बुजवा.

आणि तळ्याखालच्या उतारावरच्या विहिरीचं पाणी यंदा वाढलं असेल, तर पाझर तिकडेच जात असावा; तळाला हात लावण्यापूर्वी ओलित कशावर करायचंय ते ठरवा. विहिरीवर होत असेल, तर फक्त बांध आणि पाइप दुरुस्त करा.