इन्सुलिन सुरू झाल्यावर ऑफिसला जायची तयारी

इन्सुलिन नवीन सुरू झालंय आणि सोमवारपासून ऑफिस, तर रविवारी रात्रीच सगळं काढून ठेवा, सकाळी डबा आणि लोकलच्या गडबडीत काहीही आठवत नाही. पहिली साखर, बाकी सगळं नंतर, कारण इन्सुलिनने रक्तातली साखर कधीकधी एकदम खाली जाते. तीन चहाचे चमचे साधी साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अशा दोन-तीन पुड्या बांधा, आणि त्या खिशात ठेवा, बॅगेत नाही. एवढं ठासून सांगतेय कारण पहिल्याच महिन्यात ठाणे-नेरूळ गाडीत माझी बॅग वरच्या रॅकवर होती, ऐरोली गेलं आणि दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, आणि गर्दी अशी की हात वर करायला जागा नाही. शेजारच्या मावशींनी चॉकलेट दिलं, त्यांचे उपकारच, पण चॉकलेटमधल्या फॅटमुळे साखर सावकाश चढते, घणसोली आलं तरी थरथर चालूच.

साखर मोजायचं मीटर, स्ट्रिप आणि सुई एका पाऊचमध्ये. टेस्टच्या आधी हात धुवा, बोटाला आमरस लागलेला असेल तर मीटर भलताच आकडा दाखवतं आणि आपण उगाच घाबरतो. ७० च्या खाली आलं की एक पुडी खायची, १५ मिनिटं थांबून परत चेक, अजून खालीच असेल तर दुसरी पुडी. ती १५ मिनिटं फार लांब वाटतात, समोर दिसेल ते खावंसं वाटतं, मी एकदा अख्खा बिस्किटचा पुडा संपवला आणि तासाभराने २६० बघून कपाळावर हात मारला.

वायलवाल्यांनो, म्हणजे बाटलीतलं इन्सुलिन सिरिंजने घेणाऱ्यांनो, सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडे वायल बहुतेक ४० युनिटवाली असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, पेनमधलं इन्सुलिन १०० चं. ४० च्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला केशरी. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन घेतलं तर डोस अडीचपट जातो, त्यामुळे केमिस्टच्या काउंटरवरच वायलवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवायचा, मागे लाईन लागली तरी लागू दे.

जेवणाचं इन्सुलिन जेवण नक्की हाताशी असेल तेव्हाच, जेवणाच्या किती आधी ते डॉक्टरांनी सांगितलंय तसं. घरून घेऊन निघालं आणि गाडी सिग्नलला अडकली तर डबा उघडायचा कुठे? आणि जेवणानंतर दोन तासांनी आकडा मोठा दिसला म्हणून मनानेच अजून एक डोस मारायचा नाही, आधीचं इन्सुलिन अजून काम करत असतं. डोस बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

चालू पेन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, बरोबर किती दिवस ते पेनच्या कागदावर बघा. न उघडलेलं फ्रीजमध्ये, पण फ्रीजरमध्ये नाही. मे महिन्यात स्टेशनबाहेर लावलेल्या स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नको.

ऑफिसमधल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा की मी बेशुद्ध पडले तर तोंडात पाणी, साखर काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

झोपताना एक पुडी उशीशेजारी. आणि कुर्त्यांना खिसे नसतात ना आपल्या, ते मी कोपरीतल्या टेलरकडून लावून घेतले, सगळ्या कुर्त्यांना.