वर्डमध्ये परिच्छेदाला इंडेंट देण्याची योग्य पद्धत

परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवण्यासाठी स्पेसबार पुन्हा पुन्हा दाबण्याची सवय पुष्कळांना असते. अशी ओळ पडद्यावर ठीक दिसते, पण फाँट किंवा अक्षराचा आकार बदलला की स्पेसची रुंदीही बदलते आणि हाताने केलेली रचना विसकटते. म्हणून इंडेंट, म्हणजे ओळ आत सरकवण्याचे अंतर, मजकुरात न भरता परिच्छेदाच्या मांडणीतच ठरवावा.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये परिच्छेदात कर्सर ठेवून 'होम' टॅबमधील 'पॅराग्राफ' गटाच्या कोपऱ्यातील छोट्या बाणावर क्लिक करावे. उघडलेल्या चौकटीत 'लेफ्ट' आणि 'राइट' या रकान्यांनी संपूर्ण परिच्छेद दोन्ही बाजूंनी आत येतो. लांब अवतरणासाठी हेच वापरावे. 'स्पेशल'मध्ये 'फर्स्ट लाइन' निवडल्यास फक्त पहिली ओळ आत जाते. वर्ड येथे आपणहून 1.27 सेंमी, म्हणजे अर्धा इंच, अंतर सुचवते. अरुंद पानावर ते मला जास्त वाटते.

'हँगिंग' या पर्यायात पहिली ओळ समासालगत राहते आणि बाकीच्या ओळी आत येतात. संदर्भसूचीला तो शोभतोच, पण कवितेलाही उपयोगी पडतो, कारण लांब ओळ दुमडली तरी ती नवी ओळ नसल्याचे वाचकाला कळते. मात्र त्यासाठी प्रत्येक ओळ एंटर दाबून संपवावी. शिफ्ट-एंटर वापरल्यास वर्ड सगळे कडवे एकच परिच्छेद मानते आणि दुसऱ्या ओळीपासून सारे कडवे आत सरकते. कीबोर्डवरून कंट्रोल-टी दाबल्यास हँगिंग इंडेंट मिळतो, कंट्रोल-एमने डावा इंडेंट वाढतो आणि कंट्रोल-शिफ्ट-एमने कमी होतो.

लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्याच प्रोग्राममध्ये 'फॉरमॅट' मेनूतील 'पॅराग्राफ' उघडून 'फर्स्ट लाइन'मध्ये ऋण संख्या आणि 'बिफोर टेक्स्ट'मध्ये तितकीच धन संख्या भरली की हँगिंग इंडेंट तयार होतो.

दस्तऐवज मोठा असेल, तर एकेका परिच्छेदाला इंडेंट देत बसण्यापेक्षा तो स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीत, ठरवणे केव्हाही सोयीचे. वर्डमध्ये स्टाइलच्या नावावर उजवे क्लिक करून 'मॉडिफाय', मग 'फॉरमॅट' आणि 'पॅराग्राफ' निवडावे. पुढे आकडा बदलला की ती स्टाइल असलेले सगळे परिच्छेद एकदम बदलतात. शीर्षकाखालच्या पहिल्या परिच्छेदाला सहसा इंडेंट देत नाहीत, त्यामुळे त्यासाठी वेगळी स्टाइल करावी. दोन परिच्छेदांमध्ये मोकळी जागा सोडली असेल, तर पहिल्या ओळीच्या इंडेंटची गरज उरत नाही. दोन्ही खुणा एकत्र वापरल्याने पान विनाकारण विरळ दिसते.

जुन्या मजकुरात पहिली ओळ सरकवण्यासाठी टॅब कळ दाबून घातलेले टॅब काढायला वर्डच्या 'रिप्लेस' चौकटीत 'मोअर'वर क्लिक करून 'स्पेशल' यादीतून शोधायच्या रकान्यात 'पॅराग्राफ मार्क' आणि त्यापुढे 'टॅब कॅरेक्टर' घ्यावे, बदलायच्या रकान्यात फक्त 'पॅराग्राफ मार्क' ठेवावा आणि 'रिप्लेस ऑल' म्हणावे. दस्तऐवजाच्या अगदी पहिल्या परिच्छेदाआधी अशी खूण नसते, त्यामुळे तिथला टॅब हाताने पुसावा लागतो.