मसाई मारासाठी १५ किलोंची बॅग

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला जाणारी विमाने बहुधा सेसना कॅरॅव्हॅन असतात : एक इंजिन आणि जेमतेम बारा-तेरा आसने. या विमानांत साधारणपणे माणशी १५ किलो सामान नेता येते. मुंबईहून मोठ्या विमानाने आलेल्या प्रवाशाची फसगत इथेच होते, कारण तिथे हातातले सामान वेगळे धरलेले असते आणि इथे खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅगसुद्धा त्याच १५ किलोंत मोजली जाते.

या नियमामागे आडमुठेपणा नाही. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे आणि माराच्या मुरमाड धावपट्ट्याही फारशा खाली नाहीत. उंचीवरची विरळ हवा उन्हाने तापली की आणखी विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते आणि उड्डाणासाठी जास्त धाव घ्यावी लागते, म्हणून वजन आवरावे लागते.

वजनाच्याही आधी बॅगेचा आकार पाहावा. कॅरॅव्हॅनचे सामान बहुतेक वेळा विमानाच्या पोटाखाली बसवलेल्या बुटक्या, अरुंद कप्प्यांत हाताने रेटून भरतात. तिथे कापडी बॅग दबते आणि कोपऱ्यात सामावते, पण चाकांची कडक सुटकेस अडून राहते. शिवाय अशी सुटकेस रिकामीच तीन-चार किलो भरते, तर साधी कापडी डफल बॅग किलोभराच्या आसपास असते. म्हणजे काहीही न भरता दोन-तीन किलो वाचले. उरलेले सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवता येईल का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

भरायला सुरुवात कपड्यांपासून न करता कॅमेऱ्यापासून करावी, कारण तेच वजन कमी करता येत नाही. मोठी झूम लेन्स एकटीच दीड ते अडीच किलो भरते. कॅमेरा, दुर्बीण, चार्जर आणि बॅटऱ्या धरल्या की पाच किलो सहज संपतात. कॅमेऱ्याची तिपाई मात्र घरीच ठेवावी, कारण जीपमध्ये ती उभी करायला जागाच नसते. त्याऐवजी चेन लावलेली रिकामी कापडी पिशवी न्यावी आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरातून दोन-तीन किलो तांदूळ मागून त्यात भरावेत. जीपच्या कडेवर ठेवली की लेन्स तिच्यावर घट्ट बसते, आणि निघताना तांदूळ परत करता येतात. केनियातील सॉकेट तीन चपट्या पिनांचे असते, त्यामुळे घरटी एक अॅडॉप्टर पुरे.

कपड्यांचे तीन जोड पुरतात, कारण बहुतेक कॅम्पमध्ये कपडे धुऊन मिळतात. अंतर्वस्त्रे मात्र अनेक ठिकाणी धुण्यास घेत नाहीत, म्हणून धुण्याच्या पावडरची छोटी पुडी ठेवावी. गडद निळा आणि काळा रंग टाळावा, कारण चावणाऱ्या त्से-त्से माश्या त्याकडे आकर्षित होतात. खाकी किंवा मातकट रंग बरे. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये थंडी चांगलीच बोचते, तेव्हा जाड जाकीट हवेच, पण ते अंगावर घालूनच विमानात चढावे. जीन्स एकापेक्षा जास्त नेऊ नये, कारण ती जड असते आणि लवकर वाळतही नाही.

आता आपला खास मराठी प्रश्न : लाडू आणि चिवडा. न्यावेत, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत, कारण केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. ५ जून २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायचे प्लॅस्टिकही चालत नाही, म्हणून पाण्याची स्टीलची बाटली सोबत असावी. शाकाहारी जेवण हवे असल्यास कॅम्पला आधी कळवावे. तसे केल्यास दोन किलो फराळाचे ओझे अर्ध्या किलोवर येते.

पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड पासपोर्टसोबत अंगावरच्या पाकिटात ठेवावे. लस प्रवासाआधी किमान १० दिवस घ्यावी लागते, आणि केनियातून परतताना हे कार्ड नसेल तर भारतात विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते.

सगळे भरून झाले की बॅग घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करावे. उत्तर तेरा-साडेतेराच्या पुढे गेले तर एक जोड बाहेर काढावा, कारण मारातून निघताना लाल चौकड्यांची एखादी शुका, म्हणजे मसाई लोक अंगावर घेतात ती चादर, बॅगेत येतेच, आणि तिचेही वजन त्याच १५ किलोंत धरले जाते.