जागा थोडी, कोंबडे जास्त: एकत्र नांदवायचे कसे?

अंडी उबवायला ठेवताना पिल्लं किती निघतील याचा हिशेब सगळे करतात, त्यातली निम्मी नर निघणार याचा मात्र कुणी करत नाही. २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, तीन महिने गुण्यागोविंदानं जातात आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात एका सकाळी चार-चार चिरके गळे एकदम आरवायला लागतात. ती सकाळ उजाडायच्या आधीच तयारीला लागलेलं बरं.

पायरी १: नेमके किती हवेत ते ठरवा

नुसती अंडी हवी असतील तर एकही नको. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पिल्लं काढायची असतील तर एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या धरा. हलक्या, चपळ जातींत बारापर्यंत चालतात, जड जातींत सहा-आठ पुरे.

प्रमाण बिघडलं की त्याची झळ आधी कोंबड्यांना लागते. पाठीवरची आणि डोक्यामागची पिसं उडून लाल कातडी दिसू लागते. त्यातही कोंबडे सगळ्यांवर सारखे चढत नाहीत, आवडत्या दोन-तिघींच्याच मागे असतात. म्हणून कागदावर प्रमाण बरोबर असलं तरी हप्त्यातून एकदा प्रत्येक कोंबडीच्या पाठीवर हात फिरवून बघा.

पायरी २: कोण राहणार?

रंग आणि तुरा बघून कोंबडा निवडू नका, त्याला खाताना बघा. मूठभर दाणे टाका. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, पुन्हा खाली टाकतो, टुक-टुक करत कोंबड्यांना बोलावतो आणि स्वतः मागे राहतो. घार दिसली की पहिला ओरडणाराही तोच. वयात येतानाचे पाच-सहा महिने सगळेच धसमुसळे असतात, तेव्हा थोडी कळ काढा. पण माणसाच्या अंगावर येणारा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर, ठेवू नका. असल्या कोंबड्याची पिल्लंही काढू नयेत, असं माझं मत आहे.

पायरी ३: उरलेल्यांचा वेगळा वाडा

कोंबडे मुळात भांडखोर म्हणून भांडतात असं नाही, वाटून घ्यायला काही असतं म्हणून भांडतात. कोंबडी, दाणा आणि निसटायची वाट, या तिन्हींचा बंदोबस्त केला की एकत्र वाढलेले पाच-सहा कोंबडे बहुतेक वेळा बिनतक्रार नांदतात.

कोंबड्या त्यांच्या नजरेलाही पडता कामा नयेत. दोन वाड्यांच्या मध्ये नुसती जाळी असली तर दिवसभर जाळीशी झटापट चालते. जमिनीपासून निदान कमरेएवढा पत्रा किंवा फळी लावा.

जागेचं म्हणाल, तर रात्रीच्या खुराड्यात दर पक्ष्याला ४ चौरस फूट आणि बाहेर १० ही किमान मापं झाली. नुसत्या नरांच्या वाड्यात याहून जितकी जास्त देता येईल तितकी द्या. दाण्याची भांडी एकमेकांपासून लांब आणि एकमेकांच्या नजरेआड ठेवा, म्हणजे एकच दांडगा सगळ्यांवर पहारा करू शकत नाही. उभ्या फळ्या, खोकी, झुडपं असा आडोसा हवाच, पण दोन्ही बाजूंनी मोकळा. मी एकदा भिंतीच्या कोपऱ्यात फळी तिरकी टेकवून ठेवली होती. हरलेला कोंबडा पळून तिच्यामागे शिरला. पुढे वाट बंद आणि जिंकलेला तोंडाशी उभा. तुरा इतका फाटला की फळी रक्तानं माखली.

अंडी देणाऱ्यांचं खाद्य मात्र नरांना घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं आणि नराला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जादाचं कॅल्शियम वर्षानुवर्षं मूत्रपिंडांना बाधतं. सोपा उपाय म्हणजे सगळ्यांना वाढीचं खाद्य द्यायचं आणि अंडी देणाऱ्या माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा.

पायरी ४: भांडणात कधी पडायचं?

कळपात टोचण्याचा क्रम असतो, म्हणजे कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरलेलं असतं, हे नॉर्वेचे थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली मांडलं. तो क्रम ठरेपर्यंत मानेची पिसं फुलवणं आणि दोन-चार उड्या होणारच. एकानं तोंड फिरवलं आणि दुसऱ्यानं ते मानलं, तर तुम्ही चहा घ्या. हार मानूनही पाठलाग थांबत नसेल किंवा रक्त दिसलं, तर लगेच वेगळं करा, कारण लाल दिसलं की बाकीचेही टोचायला धावतात. जखमीला दूर नेण्यापेक्षा त्याच वाड्यात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. आठवडाभर नजरेआड गेलेला कोंबडा परतला की पाहुणा ठरतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

नवा कोंबडा आणलात तर ३० दिवस पूर्ण वेगळा आणि नंतर दोन-तीन आठवडे जाळीपलीकडे ठेवा. पायाच्या मागचे काटे फार टोकदार झाले असतील तर फक्त टोक कानशीनं घासा. आत हाड आणि रक्त असतं, मुळातून कापायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ५: आरवणं आणि शेजारी

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे ठाऊक आहे. पण झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पहाटेची बांग कोंबड्याच्या आतल्या घड्याळावर चालते. २०१५ मध्ये पुढचं कळलं: आधी वरच्या पायरीचा कोंबडा आरवतो, मग त्याच्याखालचा, असे क्रमानं सगळे. म्हणजे चार कोंबडे असतील तर एक आरवला की बाकीचे तिघेही आपापली पाळी घेणार.

जाड भिंतींचं, अंधारं खुराडं आवाज कमी करतं, बंद करत नाही. ते शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीपासून लांब बांधा आणि दार उशिरा उघडा. गळ्यात बांधायचे पट्टे मिळतात, पण त्यांनी श्वास कोंडू शकतो, मी ते वापरत नाही. पुष्कळ शहरांत कोंबडा पाळायलाच मनाई असते, तेव्हा खुराडं बांधायच्या आधी नियम विचारून घ्या.

आणि ठरावीक कोंबड्याचीच पिल्लं हवी असतील, तर आधीच्या कोंबड्याला हलवून तीन-चार आठवडे थांबा, मगच अंडी उबवायला ठेवा. तो गेल्यावरही कोंबडीच्या पोटातलं त्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं.