हिटलर निघाला की आधी साल विचारा

वाद कशावरून होता सांगितलं तर हसाल. फोटोग्राफीचा ग्रुप, अ‍ॅडमिनने नियम काढला की एका मेंबरने दिवसाला एकच फोटो टाकायचा. बास. पहिल्या चाळीसेक कमेंट ठीक होत्या, मग कुणीतरी लिहिलं "ही हिटलरशाही आहे" आणि त्याखाली मी, होय मीच, लिहिलं "गेस्टापो परवडले". तर एकाने शांतपणे विचारलं, गेस्टापो नक्की काय करायचे हो? मला धड सांगता येईना. मग वाचलं. हिटलरचे गुप्त पोलीस, कोर्टाच्या आदेशाशिवाय माणूस उचलून छळछावणीत टाकायचे. आणि इथे माझा दुसरा फोटो उडाला होता.

त्यानंतर जे शिकलो ते लिहितोय, तुमच्यावर हिटलर आला तरी उपयोगी आणि तुम्हीच काढणार असाल तरी.

आधी एक करू नका, "गॉडविनचा नियम! तू हरलास!" लिहून पळ काढू नका. माइक गॉडविन हा अमेरिकन वकील, त्याने १९९० मध्ये युजनेट या तेव्हाच्या ऑनलाइन चर्चेच्या अड्ड्यावरची भांडणं बघून एवढंच म्हटलं होतं की ऑनलाइन चर्चा लांबत गेली की त्यात हिटलर किंवा नाझींशी तुलना येणं जवळजवळ नक्कीच होतं. नाव काढणारा हरला हे शेपूट लोकांनी नंतर जोडलं. उलट २०१७ मध्ये अमेरिकेत शार्लट्सव्हिलला लोक नाझी झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले तेव्हा यांची तुलना नाझींशी खुशाल करा असं गॉडविननेच लिहिलं. म्हणजे तुलनेवर बंदी नाहीये, आळशी तुलनेची कटकट आहे.

आता मुख्य युक्ती. कुणी हिटलर म्हटलं की विचारायचं, कुठल्या सालचा?

हे चेष्टेने नाही, खरंच विचारायचं. कारण १९३२ चा हिटलर निवडणुका लढवत होता आणि नोव्हेंबरात त्याच्या पक्षाला ३३ टक्के मतं होती. ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सलर म्हणजे सरकारचा प्रमुख झाला, २७ फेब्रुवारीला राइशटागची म्हणजे जर्मन संसदेची इमारत जळाली, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढून भाषण, वर्तमानपत्रं, सभा सगळ्याचं स्वातंत्र्य गुंडाळलं, आणि २३ मार्चला संसदेनेच सरकारला परस्पर कायदे करायचा अधिकार देऊन टाकला. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढलं, नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनास्थळं म्हणजे सिनेगॉग जाळली, दुकानं फोडली, आणि सरसकट कत्तली १९४१ पासून, ज्यात एकूण साधारण ६० लाख ज्यू मारले गेले. गोची अशी की बोलणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा १९३३ असतं आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं आउशविट्झ, म्हणजे ज्यूंच्या कत्तलीची छावणी, मग तो भडकतो आणि मूळ मुद्दा गेला खड्ड्यात.

म्हणून तुम्हाला खरंच तुलना करायची असेल तर माणसाची करू नका, पावलाची करा. "हा हिटलर आहे" नको. "एका घटनेचं निमित्त करून सगळ्यांचेच हक्क काढताय, १९३३ च्या फेब्रुवारीत हेच झालं होतं" असं लिहा, आणि लगेच एक फरक स्वतःच सांगून टाका, कोर्टं अजून चालू आहेत वगैरे जे खरं असेल ते. फरक तुम्ही सांगितला नाही तर समोरचा सांगणार, आणि मग तीस कमेंट त्या फरकावरच.

आणखी एक, कुणाला हिटलर म्हटलं की न बोलता तुम्ही स्वतःला त्याचे बळी ठरवता. कोविडच्या निर्बंधांविरुद्धच्या मोर्चांत काही लोक नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला पिवळा तारा लावून आले होते ना, तोच प्रकार. ती न बोललेली अर्धी बाजू मोठ्याने वाचून बघायची, बरेचदा बोटं आपोआप थांबतात.

"हिटलरपण शाकाहारी होता" छाप तुलनेला उत्तरच देऊ नका. तत्त्वज्ञ लिओ स्ट्राउसने १९५० च्या दशकातच तिला चेष्टेचं लॅटिन नाव देऊन ठेवलंय.

"म्युनिक" म्हणणाऱ्यांपासून मात्र जपून, ते दिसायला अभ्यासू असतात. १९३८ मध्ये म्युनिकच्या करारात ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन हिटलरपुढे नमला म्हणून आता कुणापुढेच नमायचं नाही, असा तो हिशेब. १९५६ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान ईडन याला इजिप्तच्या नासरमध्ये तीसच्या दशकातले हुकूमशहाच दिसले, सुएझ कालव्यावर सैन्य पाठवलं, अमेरिकेच्या दबावाने काही दिवसांतच थांबावं लागलं आणि जानेवारी १९५७ मध्ये खुर्चीही गेली.

तुमच्यावरच आला तर? "मी हिटलर नाही" असं कधीच लिहू नका, ते वाक्य कितीही खरं असलं तरी वाईटच दिसतं. एकदाच विचारा, माझं नेमकं कुठलं वागणं? उत्तर आलं तर वाचा, कधीकधी त्यात दम असतो. नाही आलं तर नोटिफिकेशन बंद करून झोपा.

मी काय केलं, तर कमेंट गुपचूप डिलीट न करता खाली लिहिलं, "गेस्टापो मागे घेतो. मुद्दा एवढाच की सिरीज एका फोटोत कळत नाही." दहा मिनिटांत अ‍ॅडमिनचा रिप्लाय, सिरीज असेल तर तीन चालतील पण कॅप्शन एकच. आता कॅप्शनवरून चालू आहे.